शैलाताईंचं बेसमेंटमधलं कोर्ट

शैलाताई गणवीर आणि मी यांची ओळख खरं तर भांडणातूनच व्हायची, ती थोडक्यात हुकली. न्यू जर्सीत, पिस्कॅटवेतल्या आमच्या टाउनहाउसच्या भिंती इतक्या पातळ, की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आपण मोजाव्यात. अशा भिंतीआड, आमच्या बेसमेंटमध्ये, मंडळाच्या एकांकिकेची तालीम चालली होती. मी खलनायक होतो. एका म्हाताऱ्याला घराबाहेर काढतानाचा माझा संवाद ऐन रंगात आला आणि वर दारावर थाप पडली. बायको म्हणाली, "घ्या. आली कंप्लेंट."

दारात साठीच्या आतबाहेरच्या एक बाई उभ्या होत्या. पांढरा कुर्ता, घट्ट अंबाडा, पायात घरातल्याच स्लिपर्स. शेजारी राहायला येऊन त्यांना महिनाही झाला नव्हता.

"आता ओरडून कोण राहिलं होतं?" त्यांनी विचारलं.

"मीच. सॉरी, आवाज कमी करतो."

"कमी नका करू बाप्पा. रविवारी रिकामे आहात काय? मला एक सरकारी वकील पाहिजे."

शैलाताई नागपूरच्या. वकिली तिथेच सुरू केली, मग इकडे येऊन पुन्हा शिकल्या, पुन्हा परीक्षा दिल्या, आणि पुढची सगळी वर्षं न्यूआर्कच्या इमिग्रेशन कोर्टात उभ्या राहिल्या. ज्यांना हा देश 'परत जा' म्हणतो, त्यांच्या बाजूने. या कोर्टात एक गंमत आहे. सरकारच्या बाजूने वकील असतोच असतो. समोरच्याला परवडला तर तो आणतो, नाहीतर एकटाच उभा राहतो. मला हे ठाऊक नव्हतं. आमच्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. खरं म्हणजे आम्ही सगळे व्हिसाच्या तारखांवर जगणारी माणसं, कंपनीतून 'नोकरी गेली' अशी एक ईमेल आली तर साठ दिवसांत गाशा गुंडाळायची पाळी यायची. पण डिपोर्टेशन हा विषय निघाला की 'ते आपल्यातलं नाही' म्हणून आम्ही समोस्याकडे वळायचो.

शैलाताईंना तालमीची माणसं हवी होती. त्या म्हणायच्या, "माणूस कोर्टात पहिल्यांदा उभा राहते तेव्हा त्याचे पाय कापतात. दुसऱ्यांदा कमी कापतात. मग पहिल्यांदा आपण इथंच उभं करू ना त्याला." ज्याची केस, त्याची परवानगी असल्याशिवाय त्या कोणाला बोलवायच्या नाहीत, आणि आतलं बाहेर गेलं तर पुन्हा पायरी चढू द्यायच्या नाहीत. पण नियम पाळला की मग मात्र धमाल होती.

पिंगपाँगचं टेबल म्हणजे जज्जचा मंच. जज्ज बापटकाका. ते निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आलेले. उभा जन्म बँकेत लोकांची कर्जं नामंजूर केल्यामुळे त्यांचा 'नाही' म्हणण्याचा सराव दांडगा होता. माझ्या बायकोचा ग्रॅज्युएशनचा काळा गाऊन त्यांच्या अंगावर चढला की ते मला ओळखही दाखवायचे नाहीत. मी सरकारी वकील. शैलाताईंनी माझं नावच 'सरकार' करून टाकलं. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना भेटल्या तरी, "काय म्हणता, सरकार?"

तालमीच्या दिवशी त्या सकाळीच तर्री पोहे करून आणायच्या. आधी खाणं, मग कोर्ट. साक्षीदाराला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "आज सकाळी काय खाल्लं?" सुरुवातीला मला वाटलं, ही नागपुरी पाहुणचाराची रीत असेल. नंतर कळलं की ती त्यांची वकिली होती. त्यांचं एक वाक्य होतं, आम्हाला सगळ्यांना पाठ झालेलं: "दुःख सांगता येत नसेल तर सकाळ सांगा." माणसाला 'तुमच्यावर काय संकट येईल' विचारलं की तो भाषण करतो किंवा गप्प बसतो. सकाळ विचारली की घर उघडतं.

उत्तर मात्र त्या कोणाला शिकवायच्या नाहीत. "उत्तर तुमचं. खोटा एक शब्दही चालणार नाही. मी फक्त तुमचं तोंड उघडून देते," असं म्हणायच्या. आणि एक शब्द त्यांच्यासमोर उच्चारायला बंदी होती: व्हॉलंटरी डिपार्चर. म्हणजे हद्दपारीचा शिक्का टाळायचा म्हणून आपणहून देश सोडून जाणं. कायद्यात ती सोय आहे, कधी कधी तीच शहाणपणाची असते, हे त्या स्वतःच सांगायच्या. पण थकलेल्या माणसाने तालमीत 'जातोच मी मॅडम' म्हटलं की त्या पोह्यांची बशी त्याच्याकडे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "आधी भांडू. जायचं काय, दार तर उघडंच आहे."

एकदा त्या आमच्याकडे जेवायला होत्या तेव्हा त्यांचा फोन वाजला. पलीकडे एक विद्यार्थी, घाबरून बारीक झालेला आवाज. त्याला इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यांनी थांबवून ऑफिसात नेलं होतं आणि समोर 'मी आपणहून देश सोडतो' असा एक कागद ठेवला होता.

"साहेबांनी पेन दिलाय, ताई. खूप चांगलं बोलतायत. सही करून टाकू का? उगाच त्यांना वाईट वाटायला नको."

"पेन परत दे," शैलाताई म्हणाल्या. हातातला घास हातातच. "अगदी नम्रपणे दे. आणि सांग, मला जज्जसमोर उभं राहायचंय. त्यानंतर गप्प बस. मी निघालीच."

त्या निघाल्यासुद्धा, वरणभात तसाच टाकून. तो मुलगा पुढे सुटला, शिकला, आणि आता कुठेतरी नोकरीला आहे. पण त्या रात्री दारात चपला घालताना शैलाताई जे बोलल्या ते मला पुढे फार वेळा आठवलं. "आपल्या माणसाला धमकी कळते, सरकार. त्याला गोड बोलणं नाही झेपत. कोणी साहेबानं हसून पेन पुढं केला, की आपण सही करून मोकळे."

आता दीपकची गोष्ट. त्यासाठीच तर मी लिहायला बसलो.

दीपक आणि वैशाली, दोघं अकोल्याकडचे. दीपक वर्क व्हिसावर आला होता. ज्या छोट्या कंपनीने आणलं ती बुडाली. ज्या एजंटने 'तुमचा अर्ज केलाय, निश्चिंत राहा' सांगितलं त्याने अर्ज केलेलाच नव्हता. कळेपर्यंत व्हिसा गेला आणि मुलीचा, ओवीचा, जन्म झाला. ओवीला जन्मापासून ऐकू येत नाही. मग दीपक इंडियन ग्रोसरीच्या गोदामात पोती उचलायला लागला आणि बायकोसोबत संध्याकाळी हातांची भाषा शिकायला लागला. दहा वर्षं लोटली. आणि मग कोर्टाची नोटीस आली, दोघांच्याही नावाने. ओवी इथे जन्मलेली, ती अमेरिकन. आईबापाला घालवलं तर तिने काय करायचं, एवढाच प्रश्न होता.

शैलाताईंनी आम्हाला कायदा समजावला. अशा माणसाला वाचायची एक वाट असते. इथे सलग दहा वर्षं राहिलेला हवा, वागणूक चांगली हवी, आणि तो गेल्यामुळे त्याच्या अमेरिकन मुलाचे, जोडीदाराचे किंवा आईबापाचे हाल होतील हे दाखवायला हवं. साधेसुधे हाल नाहीत. पोरगी रडेल, शाळा बदलेल, ते सगळ्यांचंच होतं. त्यापलीकडचं काही.

"ओवीचं तर आहेच की त्यापलीकडचं," मी म्हणालो.

"आहे. पण ते बापाच्या तोंडून यायला पाहिजे. आणि बाप पाहा तुम्ही."

बाप पाहिला. पिंगपाँगच्या टेबलासमोर दीपक हात बांधून उभा. मी विचारलं, "मिस्टर दीपक, भारतात गेलात तर तुमच्या मुलीला काय त्रास होईल?"

"काही त्रास नाही जी," दीपक म्हणाला. "देवाच्या दयेनं चाललंय बरं."

बापटकाकांनी डोक्याला हात लावला. शैलाताई शांतपणे म्हणाल्या, "दीपक, असं म्हटलं तर ते म्हणतील, मग जा." त्याने मान डोलावली. पुन्हा विचारलं. पुन्हा, "होईल काहीतरी. निभावून नेऊ." तीन-चार रविवार हेच. शेवटी एकदा तो कळवळून बोलला, "मॅडम, परक्यापुढं आपल्या पोरीचं रडगाणं कसं गाऊ? ती समोर बसून राहिली. तिला मी ओझं म्हणू काय?"

ओवी खरंच समोर बसली होती, सोफ्यावर, पोह्यांतले शेंगदाणे वेचत. शैलाताई त्याच्याजवळ जाऊन बसल्या. "ओझं नको म्हणू. तिच्यापाशी काय आहे ते सांग. ते कोण काढून घेईल ते जज्जला आपोआप दिसेल. सकाळी काय केलं आज?"

त्या दिवसापासून दीपक बोलायला लागला. अडखळत, पण खरं. आम्हालाही चेव आला. मी माझा खलनायक पूर्ण ताकदीने बाहेर काढला. टेबलावर मुठी आपटल्या, चष्मा काढून रोखून पाहिलं, 'तुम्ही या देशाला फसवलंत' असं गरजलो. दीपक सुरुवातीला दचकायचा, मग उलट उत्तर द्यायला लागला. ओवीला माझे अभिनयाचे हावभाव भलतेच आवडायचे; तालीम संपली की ती दोन्ही हात वर करून बोटं हलवायची. ती त्यांच्या भाषेतली टाळी. तिने ती आम्हा सगळ्यांना शिकवली. बापटकाका गाऊनच्या बाह्या मागे सारून टाळी वाजवायचे ते दृश्य बघण्यासारखं होतं.

कोर्टाच्या दिवशी मीच गाडी चालवली. बापटकाकांना मुलाने येऊ दिलं नाही, त्यांनी फोनवरून आशीर्वाद दिले आणि 'जज्जकडे बघून बोल' असा व्यावसायिक सल्लाही. खोली आमच्या बेसमेंटएवढीच निघाली, याचा मला फार आनंद झाला. दीपक-वैशाली शैलाताईंबरोबर पुढच्या टेबलाशी, मी आणि ओवी मागच्या बाकावर. साक्ष मराठीतून द्यायची असं शैलाताईंनी आधीच ठरवलं होतं: "पोटातलं पोटातल्या भाषेत." दुभाष्या बाई टेबलावरच्या स्पीकरमधून बोलत होत्या.

शैलाताईंचे प्रश्न झाले. दीपक छान बोलला. आणि मग सरकारी वकील उठल्या.

मी सावरून बसलो. आता मुठी आपटणार, मला वाटलं. पण ती एक तरुण मुलगी होती, आवाज मऊ, चेहरा हसरा. तिने आधी दीपकला विचारलं, पाणी हवंय का. मग म्हणाली, तुम्ही चांगले वडील आहात हे दिसतंच आहे. मुलं लहान असतात. नवी जागा, नवी शाळा, आजी-आजोबा, हळूहळू रुळतात. तुमच्या आधाराने तुमची मुलगीही रुळेल, नाही का?

दीपकचा सगळा ताठा उतरला. तोही हसला. मान हलवत म्हणाला, "हो जी. करू ॲडजस्ट."

स्पीकरमधून आवाज आला, "येस. वी विल ॲडजस्ट."

जज्जनी ते लिहून घेतलं. आम्ही त्याला खडूस माणसाशी लढायला शिकवलं होतं. सभ्य माणसाची तालीम कोणी घेतलीच नव्हती. साहेबांनी पेन पुढे केला होता आणि आमच्या दीपकने सही करून टाकली होती. ओवी माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. तिला काय झालं ते कळलं नव्हतं, पण वाईट झालं हे कळलं होतं.

शैलाताई उठल्या. घाई नाही, कपाळावर आठी नाही. बेसमेंटमध्ये उठायच्या तशाच.

"दीपक, आज सकाळी घरी काय झालं? उठल्यापासून सांगा."

त्याचे खांदे सैल झाले.

"ओवीला उठवलं जी. हाक मारून नाही उठत ती, म्हणून दिव्याचं बटन खालीवर करतो. ती उठली. पोळी-दूध खाता खाता तिनं स्वप्न सांगितलं. रोज सांगते. हातानं. लय वेळ लागते, कारण तिला सगळं सांगायचं असते. अकोल्याला माझी माय फोनवर व्हिडिओ करते. तिच्याशी बोलते, जोरजोरात बोलते, की पोरीला ऐकू जावं. ओवी तिच्या तोंडाकडं पाहते. थोडा वेळ पाहते. मग उठून आत जाते. तिकडच्या मुक्या-बहिऱ्या लेकरांची हातांची भाषा येगळी आहे साहेब, मी विचारून पाहिलं. इथं तिला शाळा आहे, मास्तरीण आहे, मैत्रिणी आहेत, त्यांच्यासंगं भांडते सुद्धा. तिकडं तिचं स्वप्न ऐकाले मी अन् तिची माय, दोघंच. आम्ही ॲडजस्ट करू जी. आमचं काही नाही. पण तिनं आपलं स्वप्न कोणाले सांगायचं?"

दुभाष्या बाईंना शेवटच्या वाक्याला थोडा वेळ लागला. सगळं इंग्रजीत आल्यावर जज्जनी चष्म्यावरून पाहिलं आणि स्वतः प्रश्न विचारला, जो कुठल्याच तालमीत नव्हता. आजचं स्वप्न काय होतं?

दीपक मागे वळला, ओवीकडे बघून गालात हसला. "तळ्यावरचं हंस बदक आलं होतं घरी. हातांच्या भाषेत बोलत होतं. पण त्याला हात नाहीत ना, पंखच आहेत. म्हणून त्याचं बोलणं लय मोठ्यानं होत होतं. ओवी त्याले म्हणे, हळू बोल, शेजारी उठतील."

जज्ज हसले. ती सरकारी मुलगीसुद्धा हसली. आमच्या तळ्यावरची ती कॅनडाची बदकं मी रोज शिव्या घालत गाडीसमोरून हाकलायचो. त्या दिवसापासून मी त्यांना वाट देतो.

निकाल तिथेच झाला. जज्जनी बराच वेळ वाचून दाखवलं, त्यातला अर्धा भाग कलमं होती आणि मला फक्त एक शब्द ऐकायचा होता. ग्रँटेड. सरकारी वकील म्हणाली, आम्ही अपील करणार नाही. ग्रीन कार्ड हातात पडायला पुढे नंबर लागायचा होता, पण घालवणं टळलं होतं. वैशाली वळली आणि तिने ओवीला हातांनी सांगितलं. काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण ओवी बाकावर उभी राहिली आणि तिचे दोन्ही हात वर गेले. माझेही गेले. कोर्टात टाळ्या वाजवायला मनाई असते. ही टाळी कोणाला ऐकूच आली नाही. मी पन्नाशीचा माणूस, खुशाल रडत होतो आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती.

शैलाताईंना म्हणायला गेलो, चला, जेवायला जाऊ. त्या कॉरिडॉरमध्ये एका अनोळखी कुटुंबाशेजारी बसल्याही होत्या. स्पॅनिश बोलणारी माणसं, सोबत वकील नाही. शैलाताई आपल्या मोडक्या स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारत होत्या. त्या बाईने पिशवीतून अर्धी पोळीसारखी गुंडाळी काढून दाखवली, त्यावरून प्रश्न मला कळला.

दोन वर्षांपूर्वी शैलाताई गेल्या. टेक्सासात, अर्विंगला, भाचीकडे. तिकडे केसेस ढिगाने आणि लढणारे कमी, असं त्या म्हणाल्या. निरोपाला आम्ही दुसरं काय करणार? बेसमेंटमध्ये कोर्ट भरवलं. या वेळी आरोपीच्या खुर्चीत शैलाताई. बापटकाकांनी गाऊन आपण होऊन ओवीला दिला. ती आता चांगली उंच झाली होती, तरी तो तिच्या पायात येत होता. वैशाली दुभाषी.

मी उठलो. या वेळी शहाणा झालो होतो, मुठी आपटल्या नाहीत. हसून पाणी विचारलं. मग म्हणालो, "ताई, नवी जागा आहे. भाची आहे. रुळाल की, नाही का?"

"रुळीन की," शैलाताई म्हणाल्या. "करीन ॲडजस्ट."

सगळे एकदम "ऑब्जेक्शन" म्हणून ओरडले. ओवीने टेबलावर पिंगपाँगची बॅट आपटली आणि हातांनी काहीतरी सांगितलं. वैशाली म्हणाली, "जज्ज म्हणतात, सकाळ सांगा."

शैलाताई हसल्या. मग त्यांचं हसणं हळूहळू कमी झालं. इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. आम्हीही नाही.

"उठली," त्या म्हणाल्या. "बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावली. पोहे भिजवले, सवयीनं ढीगभर. मग आठवलं, आज कोणाची केस नाही. कढईतूनच खाल्ले थोडे, उभ्यानं. भिंतीपलीकडून तुमच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकल्या. रोज ऐकते. तीन झाल्या की मी चहा ठेवते." त्यांनी भिंतीकडे मान वळवली. "भाचीचं घर मोठं आहे. भिंती जाड आहेत. तिकडं काही ऐकू येत नाही."

ओवीचे हात हलले. वैशाली म्हणाली, "अर्ज मंजूर. यांना घालवायचं नाही. इथंच राहायचं."

शैलाताई उठून उभ्या राहिल्या, खऱ्या कोर्टात राहायच्या तशा. "आभारी आहे, जज्जसाहेब. पण मी व्हॉलंटरी डिपार्चर घेऊन राहिली."

तो शब्द त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच असा ऐकला. पोह्यांची बशी मी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी ती संपवली, पण ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या निघाल्या. मागच्या सीटवर खोकी, पुढे बुद्धमूर्तीला सीटबेल्ट लावलेला. गाडी वळणाशी पोचली तेव्हा खिडकीतून एक हात वर आला आणि बोटं हलली. आम्ही लॉनवर उभे राहून दोन्ही हात हलवत राहिलो, गाडी दिसेनाशी झाल्यावरही.

मग मी घरात आलो आणि कुकर लावला. पलीकडे आता कोणीच नव्हतं. तरी तिसरी शिट्टी होईपर्यंत मी गॅस बंद केला नाही.